पोराचा हात मोडला: एक्स-रेपासून प्लास्टरपर्यंत या चुका टाळा

मे महिन्यात आंब्याचं झाड, श्रावणात नागपंचमीचा झोका, दिवाळीत नवी सायकल. सांगलीत हाडांची प्रॅक्टिस करणाऱ्याला कॅलेंडर लागत नाही. पोर कशावरनं पडलं एवढं ऐकलं की महिना कळतो. पडताना पोर हात टेकतं आणि सगळा भार मनगट ते कोपर या भागावर येतो. म्हणून लहान मुलांत सगळ्यात जास्त मोडतो तो हाच भाग.

वीस-बावीस वर्षं हेच बघतोय. मोडायच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत आणि त्यावर आम्ही करतो त्या चुकाही ठरलेल्या आहेत. आम्ही म्हणजे गावातले डॉक्टर, एक्स-रे काढणारे, माझ्यासारखे हाडवाले आणि आईबाप, सगळेच आले. मुलाचं हाड वाढतं असतं, बरंचसं वाकडं ते आपलं आपण सरळ करून घेतं. या एका गोष्टीवर आमच्या निम्म्या चुका झाकल्या जातात. ज्या झाकल्या जात नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय. काही चुकांना एक ओळ पुरेल, दोन-तीन चुकांवर मात्र माझा जुना राग आहे, तिथं जरा सहन करा.

कोपर कापलेला एक्स-रे

तासगाव भागातला सात वर्षांचा मुलगा. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांच्या कप्प्यांवर चढला आणि वरनं पडला. उजवा हात सुजला. जवळच्या ठिकाणी एक्स-रे निघाला. त्यात मनगट छान, बोटंसुद्धा आलेली, पण वरच्या बाजूला फिल्म कोपराच्या अलीकडे संपलेली. करंगळीच्या बाजूचं हाड, म्हणजे अल्ना, वरच्या तिसऱ्या भागात मोडून वाकलेलं. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस अखंड. "एकच हाड मोडलंय, दुसऱ्याचा आधार आहे, काळजी नको," असं सांगून कच्चं प्लास्टर झालं. महिन्याने ते निघालं, हाड जुळलेलं होतं, सगळे खूश.

साडेतीन महिन्यांनी आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. तिची तक्रार एवढीच: "जेवताना मान खाली घालतंय बघा. घास तोंडाकडं न्यायचा सोडून तोंडच घासाकडं नेतंय." मी त्याला बिस्किट दिलं. कोपर काटकोनाच्या थोडं पुढे वाकलं आणि अडलं, मग मान खाली आली. कोपराच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं तर सुपारीएवढा टणक उंचवटा लागला. ते रेडियसचं डोकं होतं, आपल्या जागेवरून सुटून पुढे येऊन बसलेलं. पडलं त्याच दिवशी सुटलेलं. त्या दिवशीच्या फिल्ममध्ये दिसलं नाही, कारण फिल्ममध्ये कोपरच नव्हतं.

ही दोन हाडं दोन्ही टोकांना एकमेकांशी बांधलेली असतात. एक मोडून वाकलं किंवा आखूड झालं, की दुसऱ्याला मोडावं तरी लागतं किंवा कुठल्या तरी टोकाला सुटावं तरी लागतं. फक्त अल्ना मोडलेली दिसली तर कोपर बघायचं, फक्त रेडियस मोडलेलं दिसलं तर मनगटाजवळचा सांधा बघायचा. पहिल्याला मॉन्टेजिया म्हणतात, दुसऱ्याला गॅलियाझी. मिलानच्या मॉन्टेजिया या सर्जनने हे लिहून ठेवलं १८१४ साली. राँटगेनला एक्स-रे सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये, म्हणजे त्याच्या ८१ वर्षांनंतर. त्या माणसाला जे एक्स-रेशिवाय कळलं ते आपण एक्स-रे काढून चुकवतो, याची मला खरोखर लाज वाटते.

तपासायला एक मिनिटही लागत नाही. रेडियसच्या मानेच्या, म्हणजे डोक्याखालच्या बारीक भागाच्या, मधून एक सरळ रेघ वर ओढा. ती कोपरातल्या कॅपिटेलम नावाच्या गोल हाडाच्या ठिपक्यातून गेली पाहिजे, आणि एकाच नव्हे तर प्रत्येक फोटोत गेली पाहिजे. हा ठिपका साधारण वर्षाच्या आतबाहेर दिसायला लागतो, म्हणजे पडण्याच्या वयाची जवळपास सगळी मुलं यात बसतात. माझ्या टेबलावर शाळेतली पारदर्शक पट्टी कायम असते. नवीन डॉक्टर मुलं हसतात, "सर, संगणकावर रेघ ओढता येते की." ओढता येते हो, पण ओढत नाही कुणी.

तीच पट्टी लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेल्या, फोटोत अल्नाच्या मागच्या कडेवर ठेवा. ती कड सरळ असते. पट्टी आणि हाड यांच्यामध्ये फट दिसली तर अल्ना वाकलेली आहे, मग त्यात तडा दिसो वा न दिसो. मुलाचं हाड न मोडता नुसतंच वाकू शकतं, आणि तेवढ्यावर रेडियसचं डोकं सुटू शकतं. "फ्रॅक्चर नाही" असं रिपोर्टमध्ये वाचून घरी गेलेली अशी मुलं मी पाहिली आहेत.

ताज्या दुखापतीत अल्ना सरळ केली की बहुतेक वेळा डोकं आपणहून जागेवर बसतं, आणि बऱ्याच लहान मुलांचं प्लास्टरवर भागतं. महिने उलटले की अल्ना कापायची, ती योग्य कोनात प्लेटने बसवायची, कधी डोकं धरून ठेवणारा बंधही नव्याने करायचा. या मुलाचं तसंच करावं लागलं. त्या वर्षीचा बेदाण्याचा पैसा दवाखान्यात गेला. आज तो मान वर ठेवून जेवतो. मनगट फिरवण्यात मात्र थोडी कसर राहिली, ती राहणार.

माझी चिठ्ठी तेव्हापासून अशी असते (फोरआर्म म्हणजे मनगट ते कोपर, एपी म्हणजे समोरून काढलेला फोटो): "फोरआर्म, एपी आणि लॅटरल. मनगट व कोपर दोन्ही पूर्ण दिसली पाहिजेत. न दिसल्यास परत काढा, पैसे माझ्याकडून घ्या." एवढ्या वर्षांत पैसे मागायला कुणी आलं नाही, पण फोटो पूर्ण यायला लागले. मोठ्या मुलाचा हात एका फिल्ममध्ये बसत नसेल तर कोपराचा लॅटरल वेगळा काढा.

पंजा फिरवून लॅटरल होत नाही

एक फोटो समोरून, एक बाजूने, दोन्हींत बरोबर ९० अंशांचा फरक. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? तळहात वर ठेवून पहिला फोटो निघतो. मग मुलाचा नुसता पंजा धरून उभा करतात आणि दुसरा फोटो. आता मनगट बाजूने दिसतं आणि कोपर अजून समोरूनच. हात वरच्या अर्ध्यात एक फोटो आणि खालच्या अर्ध्यात दुसरा. वर हाड पूर्ण मोडलेलं असेल तर पंजा फिरवताना वरचा तुकडा जागेवरच राहतो आणि फिरतं ते मोडलेल्या जागी. पोर किंचाळतं आणि वर "हलू नको रे" म्हणून ओरडाही खातं.

मिरजेत शिकत होतो तेव्हा एक जुने टेक्निशियन होते. त्यांच्या खोलीत तीन उंचीची तीन स्टुलं असायची. मुलाच्या मापाचं स्टूल घ्यायचे, खांदा, कोपर आणि मनगट टेबलाच्या एका पातळीत आणायचे, कोपर काटकोनात, करंगळीची कड खाली. मग पंजाला हात लावावाच लागायचा नाही. हात हलवण्यासारखा नसेल तर ट्यूब फिरवायचे. घाई त्यांच्या गावी नव्हती, पण दुसऱ्यांदा फोटो काढायची वेळही त्यांच्यावर येत नसे. आता बटण दाबलं की चार सेकंदांत स्क्रीनवर चित्र येतं, म्हणून चार सेकंदांतच सगळं उरकायचं असतं.

बघणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो. सरळ एपीमध्ये रेडियसवरचा बायसेप्सचा उंचवटा आणि मनगटाकडचं टोक एकमेकांच्या विरुद्ध बाजूला दिसतात. तसं दिसत नसेल तर एक तर फोटो चुकलाय किंवा हाडाला पीळ बसलाय. मोडलेल्या जागी दोन्ही तुकड्यांची जाडी सारखी दिसत नसेल तरी पिळाचाच संशय घ्या. पिळाबद्दल पुढे बोलूच.

खोलीतल्या बारीकसारीक चुका, पटापट:

काळा दोरा, वाळे, मनगट्या, तांब्याचं कडं, राखी, ताईत आधी काढा. फोटोसाठी तर काढाच, पण खरं कारण सूज. तासाभराने ते कडं कापावं लागतं.

डावा-उजवा मार्कर फोटो काढतानाच फिल्मवर ठेवा. नंतर संगणकावर टाकलेला मार्कर मी अर्धाच खरा धरतो.

जाड प्लास्टरच्या आतून काढलेला पहिला फोटो कामाचा नसतो. आधाराला पुठ्ठा आणि ओढणी बांधून पाठवा, पुठ्ठ्यातून सगळं दिसतं.

पोराला धरायला आई गरोदर असेल तर तिला आत घेऊ नका. बापाला शिशाचा ॲप्रन द्या.

"सारखे सारखे एक्स-रे नको" म्हणून दुसरा फोटो नाकारू नका. हाताच्या एका एक्स-रेतून मिळणारं रेडिएशन आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतं त्याहूनही कमी असतं. उलट बाजूने, दरवेळी सरसकट दोन्ही हातांचे फोटो काढायचीही गरज नसते. मनगटाजवळची आडवी काळी रेघ म्हणजे ग्रोथ प्लेट, हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर, तडा नव्हे. शंका आलीच तर चांगल्या हाताचा तेवढाच एक फोटो काढा.

आणि व्हॉट्सॲप. फिल्म खिडकीला लावून काढलेला फोटो येतो. त्यात हाडापेक्षा पलीकडचं कडुलिंबाचं झाड जास्त स्पष्ट दिसतं, कोपर अंगठ्याखाली झाकलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं: "सर, काही विशेष नाही ना?" फोटो पाठवायचाच तर स्क्रीनवर पांढरं पान उघडून त्यावर फिल्म ठेवा, चारही कोपरे येऊ द्या, दोन्ही बाजू पाठवा आणि मुलाचं वय लिहा. वय लिहिणारा माणूस मला अजून भेटायचाय.

"हेअरलाईन आहे, काही नाही"

या शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा कशानेच नसेल. हेअरलाईन म्हणून तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली बकल. हाड दाबलं जाऊन मनगटाजवळ त्याची कड किंचित फुगते, प्लास्टिकचा पाइप दाबल्यावर कड बाहेर येते तशी. हे खरंच किरकोळ आहे. तीन आठवडे साधा पट्टा पुरतो. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात कडक पट्टा आणि नुसतं बँडेज यांत मुलांच्या दुखण्यात फरक पडला नाही. तरीही आपल्याकडे बकलला खांद्यापर्यंत पक्कं प्लास्टर, दर आठवड्याला एक्स-रे आणि कॅल्शियमच्या दोन बाटल्या. प्लास्टर घातलं नाही तर "डॉक्टरने काही केलंच नाही" असं लोकांना वाटतं. मी ते ऐकून घेतो. तुम्हीही ऐकून घ्या.

दुसरी ग्रीनस्टिक. कडुलिंबाची ओली काडी वाकवून बघा. वरची बाजू फाटते, खालची साल तशीच धरून राहते. हाडाचंही तसंच होतं. ही दिसायला गरीब आणि वागायला लबाड. सोडली की परत वाकते. यात वाकण्याबरोबर पीळही असतो, म्हणून नुसतं ओढून काम होत नाही, उलटं फिरवावं लागतं. अंगठा मोडीच्या टोकाकडे, म्हणजे बाक जिकडे फुगलाय तिकडे, वळवायचा, हा नियम मी शिकलो तेव्हापासून सोडला नाही. टोक तळहाताच्या बाजूला आलं असेल तर हात पालथा करायचा, पंजाच्या पाठीच्या बाजूला असेल तर उताणा. ज्यांना घाई असते ते जोर लावतात. इथं जोराचं काम नसतं.

तिसरी नुसती वाकलेली हाडं. त्याबद्दल वर लिहिलंच.

"आता महिन्याने या"

मधल्या एक्स-रेशिवाय सोडून द्यायची ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे इथं इतरांना बोलायचा अधिकार मला थोडा कमीच.

प्रॅक्टिस नवी होती. जत तालुक्यातला अकरा वर्षांचा मुलगा, दोन्ही हाडं मधोमध मोडलेली. भूल देऊन बसवली, फोटो इतका सुरेख की मी तो कंपाउंडरलाही दाखवला. वर भरपूर कापूस आणि गोल गुळगुळीत पक्कं प्लास्टर. बापाला म्हणालो, "आठ दिवसांनी दाखवायला या." का यायचं ते सांगितलं नाही. ऊसतोडीचे दिवस होते. टोळी निघाली, मुलगाही आईबापाबरोबर फडावर गेला. हात दुखत नव्हता, प्लास्टर शाबूत होतं, मग आठशे रुपयांचा खाडा पाडून कोण येतो? सात आठवड्यांनी आले. प्लास्टर कापलं तर हात केळासारखा वाकलेला आणि जुळून घट्ट झालेला. मी बापावर भरपूर तोंडसुख घेतलं.

मुलाची आजी सोबत होती. ती म्हणाली, "देवळात तीर्थ घ्यायला हात उताणा होत नाही त्याचा. ते राहील का तसंच?"

ते राहिलं तसंच. हाडातला बाक वाढीबरोबर काही प्रमाणात सुटतो, पीळ सुटत नाही. आणि हात उताणा-पालथा होतो तो याच दोन हाडांच्या एकमेकांभोवती फिरण्याने.

काय झालं होतं? पाच-सात दिवसांत सूज उतरते. कापूस दबतो. प्लास्टर तेवढंच राहतं आणि आत हात सैल होतो, मग हाडं हळूहळू सरकतात. बाहेरून काहीच कळत नाही. पोर खेळतं, प्लास्टर टणटणीत वाजतं. पहिल्या दोन आठवड्यांत हे पकडलं तर दुरुस्त करता येतं, तीन आठवड्यांनी हाड आपलं आपण धरायला लागतं. म्हणून सातव्या आणि चौदाव्या दिवशी एक्स-रे, आणि तो प्लास्टर न काढता. अपवाद एकच: मोड ग्रोथ प्लेटमधून गेलेली असेल आणि सात-दहा दिवस उलटून गेले असतील तर पुन्हा ओढाताण करू नका. त्यात प्लेटच दुखावते.

पुढे कधीतरी, प्लास्टर किती नीट बसलंय ते मोजणाऱ्या कास्ट इंडेक्सबद्दल वाचल्यावर, त्या मुलाच्या जुन्या फिल्म काढून मी मापं घेतली. मोडीच्या जागी प्लास्टरची आतली रुंदी लॅटरलमध्ये मोजायची आणि तिला एपीमधल्या रुंदीने भागायचं. उत्तर ०.८ च्या आत यावं. माझं आलं ०.९२. म्हणजे मी पाण्याचा नळ घातला होता, प्लास्टर नव्हे. मुलाचा हात गोल नसतो, चपटा असतो. प्लास्टर ओलं असताना दोन्ही तळव्यांनी पुढून-मागून दाबून दोन हाडांच्या मधे बसवायचं, करंगळीची बाजू पट्टीसारखी सरळ ठेवायची आणि ते घट्ट होईपर्यंत तसंच धरून उभं राहायचं. बोटांनी दाबायचं नाही, खड्डे पडतात आणि आत कातडी सडते. हे धरून उभं राहणंच नव्या डॉक्टरांना जमत नाही. हात प्लास्टरवर आणि नजर मोबाईलवर. ऊसतोडीला गेलेल्या बापाला मी उगाच बोललो होतो. वेळेत आला असता तर चूक सापडली असती हे खरं, पण चूक माझीच होती.

तेव्हापासून पुढची तारीख मी चिठ्ठीवर लिहीत नाही. काळ्या मार्करने प्लास्टरवरच मोठ्या अक्षरात लिहितो: "मंगळवार, एक्स-रे". शेजारी हाड कसं मोडलंय त्याचं चित्रही काढतो. चिठ्ठी हरवते, प्लास्टर हरवत नाही. शिवाय शाळेत बाई वाचतात, एसटीत शेजारी बसलेला वाचतो, सगळं गाव आठवण करून देतं.

लांबीबद्दलही बोलून टाकतो. मनगटाजवळची मोड असेल आणि प्लास्टर नीट दाबून बसवलं असेल तर ते कोपराच्या खाली थांबलं तरी चालतं. वरपर्यंत घातलेली निम्मी प्लास्टरं खालचं काम कच्चं आहे म्हणून वर गेलेली असतात. आणि फायबर? रंगीत, हलकं, मुलांना आवडतं. सूज उतरल्यावर जरूर घाला. पहिल्या दिवशी मी अजून पांढऱ्या पीओपीच्या कच्च्या प्लास्टरवरच असतो. पाणी कोमट घ्यायचं. गरम पाण्यात आणि जाड थरांत प्लास्टर इतकं तापतं की कातडी भाजते.

किती वाकडं चालतं, हा प्रश्न रोज येतो. साधारण नऊ-दहा वर्षांच्या आत हाडाच्या मध्यभागी १५ अंशांपर्यंत मी धीर धरतो, त्याहून मोठ्या मुलात १० पर्यंत. मनगटाजवळ याहून जास्त चालतं, कारण रेडियसची तीन चतुर्थांशाहून जास्त वाढ मनगटाकडच्या ग्रोथ प्लेटमधून होते. तेच हाड कोपराकडे मोडलं तर तेवढी माफी मिळत नाही. मुलगी चौदा वर्षांची असेल तर वाढीच्या भरवशावर काही सोडू नका.

याच्या अगदी उलटी चूकही हल्ली वाढलीय. सहा वर्षांच्या मुलाला सरसकट टेन्स नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत सरकवायची लवचिक सळी. "डॉक्टर, रॉडच टाकून द्या, सारखं सारखं यायची कटकट नको," असं पालकच म्हणतात आणि नव्या डॉक्टरलाही तेच हवं असतं. नेल वाईट नाही. मोठं मूल, दोन्ही हाडं मोडलेली, प्लास्टरमध्ये ठरत नाहीत, तिथं ती हवीच. पण प्लास्टर नीट घालता येत नाही म्हणून ऑपरेशन, हे मला पटत नाही. पुढे ती काढायला परत भूल द्यावी लागते, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

प्लास्टरनंतर वाढत जाणारं दुखणं

इथं विनोद नाही. हाड बसवून प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी व्हायला हवं. पोर जास्त रडायला लागलं, बेचैन झालं, औषध दिलं तरी पुन्हा मागायला लागलं, किंवा बोटं हळूच सरळ केली की ओरडायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. नाडी लागते, बोटं गुलाबी आहेत, यावर विसंबू नका. आत दाब वाढून स्नायू मरत असतानाही नाडी लागू शकते. पहिलं काम म्हणजे प्लास्टर उभं कापून उघडणं, आणि आतला कापूसही कातडीपर्यंत कापणं. नुसतं प्लास्टर कापून कापूस तसाच ठेवणारे लोक आहेत. त्या रक्ताने भिजून, वाळून कडक झालेल्या कापसाचाच फास बसलेला असतो. तरीही उतार पडला नाही तर लगेच ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी न्यायचं. खेळ मोजक्या तासांचा असतो. नंतर जो पंजा आखडतो त्याचं वर्णन फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ साली केलेलं आहे, आणि तो पंजा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

रात्री दोनला फोन केला तर डॉक्टर चिडतील म्हणून थांबलेले आईबाप मला भेटलेत. डॉक्टरला चिडू द्या.

हात गळ्यातल्या झोळीत लोंबकळत ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस झोपताना छातीवर उशी आणि उशीवर हात, बोटं कोपरापेक्षा वर.

हाडवैद्याबद्दल विचारतात. लोक त्यांच्याकडे का जातात ते मला कळतं. तो गावात असतो, ओळखीचा असतो, दिवसभर लाइनीत बसवत नाही. बकल त्याच्याकडेही बरी होते, ती कुठेही बरी होते. पण बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या आणि आत सूज वाढली की काय होतं ते मी एकदा उघडून पाहिलंय. बोटं काळी पडलेली होती. यापुढे त्यावर लिहिणार नाही.

राहिलेल्या चुका

मोडलेल्या जागी कातडीवर टाचणीच्या टोकाएवढा रक्ताचा ठिपका असेल तर हाड बाहेर येऊन परत आत गेलेलं असू शकतं. शेतात, गोठ्यात पडलेल्या मुलात हा ठिपका फार महागात पडतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक त्याच दिवशी, जखम धुणंही त्याच दिवशी. आणि हळद सांगलीची असली तरी त्या जखमेत भरायची नाही.

येताना वाटेत वडापाव आणि वर दूध. मग भूल द्यायला सहा तास थांबावं लागतं आणि तेच लोक "पेशंटला ताटकळत ठेवलं" म्हणतात. दूध हे पाणी नव्हे.

अजून रांगतही नाही असं बाळ आणि मोडलेला हात. "पाळण्यातनं पडलं" ही गोष्ट दोनदा ऐका, दोन वेगवेगळ्या माणसांकडून.

प्लास्टर निघाल्यावर तेल लावून चोळायचं नाही. कोपर आखडलेलं दिसतं, मूल खेळायला लागलं की ते आपलं आपण सुटतं. आजीला चोळायचंच असेल तर स्वतःचे गुडघे चोळू दे.

पायाचं सूप प्या, चांगलं लागतं. हाड त्यामुळे लवकर जुळत नाही.

मधोमध मोडलेलं हाड जुळल्यावरही काही महिने कच्चं असतं, आणि त्याच जागी परत मोडतं. शुक्रवारी प्लास्टर काढलं आणि रविवारी पोर पुन्हा त्याच जांभळावर, असं दर उन्हाळ्यात एक तरी होतं. दोन-तीन महिने झाड, सायकल, कबड्डी बंद. क्रिकेटला मी पंच म्हणून उभं राहायची परवानगी देतो.

खाज सुटली की प्लास्टरमध्ये काहीही घालायचं नाही. थंड हवा मारा, पंख्याखाली बसवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि एकही मूल ऐकत नाही. दिवाळीनंतर एका पाचवीतल्या मुलाचं डाव्या हाताचं प्लास्टर कापलं. आतून अर्धी पट्टी निघाली, आईसक्रीमची काडी निघाली आणि एक शिसपेन्सिल निघाली. तिचं टोक अजून चांगलं होतं. पेन्सिल बघून त्याचं तोंड उजळलं.

"सापडली! सहामाहीच्या गणिताच्या पेपराला हरवली होती."